"दॅट" दोनदा का लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागरला मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. दहावीची मुलं असतात, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली असतात, जहाजावर जायचं ठरवलेले दोन-चार जण दरवर्षी असतात. आणि एप्रिल उजाडला की आंब्याचे बागायतदार मोबाइल पुढे धरून येतात, "मॅडम, एवढा एक मेल बघता का?" शब्द सगळ्यांना फोनमध्ये सापडतात. घोडं अडतं ते "की" आणि "आणि" एकाच वाक्यात आले की, किंवा एका नामाला पाच-सहा गोष्टी चिकटवायच्या असल्या की. तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवतेय. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच दिली आहेत. मोठ्याने वाचा, म्हणजे जीभ कुठे अडखळते ते लगेच कळेल.

"दॅट" म्हणजे आपलं "की"च ना?

बऱ्याचदा हो. "मला माहीत आहे की बोट सुटली" आणि "आय नो दॅट द बोट हॅज लेफ्ट" ही एकाच मापाची वाक्यं. शाळेत आपण "की" हे स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केलेलं असतं. काय माहीत आहे, कोण काय म्हणालं, त्याचं स्वरूप पुढे उलगडून दाखवायचं हे त्याचं काम. "दॅट"चंही तेच.

पण मराठीला आणखी वाटा आहेत. "बोट सुटली असं कळलं." किंवा मालवणीत, "तो उद्या येतलो म्हणान सांगल्यान." इथे आधी सगळं बोलणं येतं आणि मग "असं" किंवा "म्हणान" शेवटी त्याची मोट बांधतं. इंग्रजीला अशी शेवटून मोट बांधता येत नाही. तिथे "दॅट" आधी दारात उभं राहतं आणि मग बोलणं आत येतं. हा फरक एवढासा वाटतो, पण पुढच्या प्रश्नाची सगळी मेख त्यातच आहे.

दोन गोष्टी सांगायच्या असल्या तर "दॅट" दोनदा का? एकदा लिहिलं की पुरे नाही का?

हा प्रश्न मला वर्गात सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर मी स्वतः चूक करून शिकले आहे.

शेजारच्या काकांनी एका हंगामात मुंबईच्या एका दलालाकडे हापूसच्या पेट्या पाठवल्या. पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, आली ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी. फोनवर दलालाचं म्हणणं असं की, दहा पेट्यांत साका (आंब्याचा गर आतून खराब होणं) निघाला आणि काकांनीच कमी भाव मान्य केला. काकांनी असलं काही मान्य केलेलं नव्हतं. तक्रार इंग्रजीत द्यायची ठरली आणि ती लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी घाईत लिहिलं:

"द एजंट सेज दॅट टेन बॉक्सेस वेअर स्पॉइल्ड अँड आय अ‍ॅग्रीड टु अ लोअर रेट."

माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं: "दहा पेट्या खराब निघाल्या आणि मी कमी भाव मान्य केला, असं दलाल म्हणतो." मराठीत शेवटचं "असं" दोन्ही गोष्टी दलालाच्या तोंडी घालतं. इंग्रजीत मात्र "दॅट"ने दार उघडलं, पेट्या आत गेल्या, आणि "अँड"च्या पुढचं वाक्य आत आहे की बाहेर, ते कुणालाच सांगता येईना. बाहेर धरलं तर अर्थ होतो: दलाल म्हणतो पेट्या खराब होत्या, आणि मी कमी भाव मान्य केला. म्हणजे काकांची लेखी कबुली.

समोरून उत्तर आलं की भाव मान्य केल्याचं तुम्हीच लिहून दिलंय. काका कागद घेऊन अंगणात आले. "बाय, मी कधी कबूल झालो गो?" मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. प्रकरण शेवटी अर्ध्यावर मिटलं.

लिहायला हवं होतं ते असं: "द एजंट सेज दॅट टेन बॉक्सेस वेअर स्पॉइल्ड अँड दॅट आय अ‍ॅग्रीड टु अ लोअर रेट." दुसरं "दॅट" आलं की दुसरी गोष्टही दलालाचीच, यात शंका राहत नाही. काकांना ते नाकारायला पुढे अख्खं वाक्य मोकळं: "आय नेव्हर अ‍ॅग्रीड टु एनी सच रेट."

म्हणजे दुसरं "दॅट" नेहमीच हवं?

व्याकरणाची सक्ती नाही. गप्पा मारताना, किंवा दोन्ही गोष्टी उघडच एकाच्या तोंडच्या असतील तिथे, गाळलं तरी चालतं. "शी सेड दॅट शी वॉज टायर्ड अँड वॉन्टेड टु स्लीप" यात तर दुसरा कर्ताही गाळला आहे, त्यामुळे घोटाळ्याला जागाच नाही. दुसऱ्या वाक्याला स्वतःचा कर्ता आला की सावध व्हायचं. आणि पत्र पैशाचं, जमिनीचं किंवा पोलिसांत द्यायचं असेल तर दुसरं "दॅट" बिनचूक लिहायचं.

उलट बाजूही सांगते. दुसरी गोष्ट तुमची स्वतःची असेल, तर आधी स्वल्पविराम द्या, किंवा सरळ पूर्णविराम देऊन नवं वाक्य करा. "द क्लार्क सेड दॅट द फेरी हॅड स्टॉप्ड. वी वेंट बाय रोड." दाभोळची फेरी बंद असली की धोपाव्याहून पलीकडे जायला चिपळूण-खेडवरून केवढा वळसा पडतो ते ज्याला माहीत आहे, त्याला त्या पूर्णविरामाची किंमत कळेल.

पहिलं "दॅट" गाळून दुसरं ठेवलं तर?

"ही सेड द फेरी हॅड स्टॉप्ड अँड दॅट द नेक्स्ट वन वॉज अ‍ॅट फोर." इंग्रजी वर्तमानपत्रांत हे सर्रास दिसतं. अर्थ स्पष्ट आहे, कारण दुसरं "दॅट" मागच्या "सेड"लाच जाऊन भिडतं. कानाला थोडं लंगडं वाटतं खरं. परीक्षेत दोन्ही ठेवा.

"दॅट" कुठे गाळता येतं? "से", "थिंक", "नो" अशा रोजच्या क्रियापदांनंतर. वाक्याची सुरुवातच त्याने होत असेल तर गाळता येत नाही: "दॅट ही इज ऑनेस्ट इज नोन टु ऑल." आणि मध्ये वेळ-वार आला तर गाळू नये. "द तलाठी सेड ऑन मंडे द ऑफिस वॉज क्लोज्ड" यात तलाठी सोमवारी बोलला की कार्यालय सोमवारी बंद होतं? "सेड ऑन मंडे दॅट" किंवा "सेड दॅट ऑन मंडे" लिहिलं की एका शब्दात निकाल.

तीन-चार गोष्टी असतील तर सगळीकडे "दॅट"?

हो, आणि लाजू नका. ग्रामपंचायतीच्या ठरावाचं इंग्रजी करताना मुलींना वाटतं, एवढे "दॅट" म्हणजे गावंढळ दिसेल. अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा बघा. "वी होल्ड धिज ट्रुथ्स टु बी सेल्फ-एव्हिडंट" म्हटल्यावर पुढे सगळी माणसं समान आहेत हे एक "दॅट", त्यांना काही हक्क जन्मजात मिळालेत हे दुसरं, त्या हक्कांत जगणं, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध येतात हे तिसरं. पुढे सरकार कशासाठी असतं आणि ते कधी बदलावं यालाही "दॅट"च. प्रत्येक "दॅट" मागच्या "ट्रुथ्स"ला धरून आहे. एकामागून एक पायऱ्या चढाव्यात तसं वाचता येतं.

अट एकच: रांगेतली सगळी माणसं एका जातकुळीची हवीत. "ही प्रॉमिस्ड टु रिपेअर द रोड अँड दॅट ही वुड पे" हे वाक्य कळतं, पण एका पायात चप्पल, एका पायात बूट. एक तर दोन्ही "टु" करा, नाहीतर दोन्ही "दॅट".

मध्ये "जर" आलं तर मुलं "दॅट" दोनदा लिहितात. बरोबर का?

"ही सेड दॅट इफ द टाइड वॉज हाय दॅट ही वुड वेट." चूक. इथे गोष्ट एकच आहे, तिला दोन दारं कशाला? दुसरं "दॅट" काढा. दोनदा "दॅट" लिहायचा नियम "अँड"च्या दोन बाजूंसाठी आहे, वाक्य लांबलं म्हणून नाही.

"बाबा म्हणाले की मी उद्या येतो" याचं इंग्रजी माझं नेहमी चुकतं. का?

कारण मराठी "की"च्या मागे माणूस जसं बोलला तसंच ठेवता येतं. "मी" म्हणजे बाबाच, हे आपल्याला न सांगता कळतं. इंग्रजी "दॅट" हे चालवून घेत नाही. "बाबा सेड दॅट आय विल कम टुमॉरो" याचा अर्थ होतो की उद्या तुम्ही येणार, बाबा नाही. हवं ते असं: "बाबा सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे." "मी"चा "ही" झाला, "विल"चं "वुड", आणि "उद्या"चा "दुसऱ्या दिवशी".

दोन गोष्टी जोडल्या की ही चूक दुप्पट होते, कारण मुलं पहिल्या "दॅट"नंतर सर्वनाम बदलतात आणि "अँड"च्या पलीकडे पोचेपर्यंत विसरतात: "ही सेड दॅट ही वॉज इन चिपळूण अँड दॅट आय विल कॉल यू." पहिल्या अर्ध्यात बाबा, दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही स्वतः! वाक्य लिहून झालं की दुसऱ्या "दॅट"नंतरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कोण? वर्गात हे मी खरोखर बोट ठेवून करायला लावते. मोठ्या माणसांना लाज वाटते, पण करतात.

"त्याने विचारलं की तू कुठे चाललास" इथे तर "की" आहेच. मग "ही आस्क्ड दॅट" का चूक?

कारण इंग्रजीत प्रश्नाच्या दारात प्रश्नाचाच शब्द उभा असतो. "ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग." "व्हेअर" असताना "दॅट" नको. हो-नाहीचा प्रश्न असेल तर "व्हेदर" किंवा "इफ". कोकणपट्टीवर, आणि माझ्या अंदाजाने सगळ्या महाराष्ट्रात, ही सर्वांत पक्की बसलेली चूक आहे. शिकवून जात नाही. महिनाभर रोज दोन वाक्यं लिहिली की जाते.

"द न्यूज दॅट..." यात "दॅट" कधी "की" असतं आणि कधी "जी"?

छान प्रश्न. दोन वाक्यं शेजारी ठेवा.

"द न्यूज दॅट द जेट्टी हॅड ब्रोकन रीच्ड अस लेट." जेट्टी मोडल्याची बातमी. बातमीत काय आहे ते "दॅट" सांगतं.

"द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स." त्याने आणलेली बातमी. बातमीत काय आहे याचा पत्ताच नाही, फक्त कुठली बातमी ते कळतं.

ओळखायची खूण: "दॅट"च्या जागी "व्हिच" घालून बघा. दुसऱ्या वाक्यात बसतं, पहिल्यात बसत नाही. आणखी एक खूण म्हणजे खड्डा. "ही ब्रॉट" एवढंच स्वतंत्र वाक्य म्हणून वाचलं तर काय आणलं ते गायब आहे, तिथे खड्डा आहे. "द जेट्टी हॅड ब्रोकन" मात्र आपल्या पायावर उभं आहे.

म्हणून एकाला एक जोडताना जातीत जात बघायची. "द न्यूज दॅट द जेट्टी हॅड ब्रोकन अँड दॅट द फेरी हॅड स्टॉप्ड" हे छान जुळतं, दोन्ही "की"वाले. खड्डेवाल्या दोघांना जोडताना मात्र खड्डा कुठे आहे ते बघा. "द मँगोज दॅट ही पॅक्ड अँड दॅट वेअर सेंट टु वाशी." पहिल्यात आंबे कर्म आहेत, दुसऱ्यात कर्ता. इथे दुसरं "दॅट" गाळून "द मँगोज दॅट ही पॅक्ड अँड वेअर सेंट" केलंत तर वाक्य मोडलं. दोन्हीकडे आंबे कर्ताच असते तर गाळून चाललं असतं: "द मँगोज दॅट केम लेट अँड वेअर सोल्ड चीप."

आपल्याकडे नामाच्या आधी कितीही लांब विशेषण चालतं. इंग्रजीत का नाही?

घरातलं वाक्य घेऊ. "काल संध्याकाळी कोळणीकडून घासाघीस करून घेतलेली दोन किलोची सुरमई मांजराने नेली." सुरमई येईपर्यंत काल झाला, संध्याकाळ झाली, कोळीण आली, घासाघीस झाली, वजनही झालं. मराठी सगळा गोतावळा पुढे पाठवते आणि नाम शेवटी येतं, वरातीतल्या नवरदेवासारखं. आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही, कारण "-लेली", "-ची", "-णारी" हे प्रत्यय सुरमईच्या लिंगाशी जुळत जातात आणि कान शेवटपर्यंत वाट बघतो.

इंग्रजी हाच गोतावळा दोन खिशांत भरते. पुढच्या खिशात सुटे, आटोपशीर शब्द, मागच्या खिशात लांबलचक ऐवज. "द टू-किलो सुरमई वी बॉट फ्रॉम द फिशवूमन यस्टरडे ईव्हनिंग आफ्टर अ लॉट ऑफ बार्गेनिंग." पुढे फक्त वजन राहिलं. बाकी सगळं सुरमईच्या मागे गेलं, आणि क्रमही बदलला: मराठीत "काल" सर्वांत आधी होता, इंग्रजीत कोळणीच्याही नंतर गेला.

जाता जाता: "टू-किलो", "टू-किलोज" नाही. नामाच्या पुढे बसलेलं माप एकवचनी राहतं. "अ टेन-मिनिट वॉक", "अ फाइव्ह-डझन बॉक्स".

भाषांतर करताना मी मुलांना आधी नाम शोधायला लावते. वाक्यातून सुरमई उचलून कागदाच्या मध्यभागी ठेवायची. मग एकेक शब्द विचारात घ्यायचा: तू एकटा आहेस की तुझ्यामागे आणखी माणसं आहेत? एकटा असेल तो पुढे, घरदार घेऊन आला असेल तो मागे.

"मुंबईहून आलेले पाहुणे" याला "द केम गेस्ट्स" का म्हणत नाहीत?

आपला "-लेला" कुठल्याही क्रियापदाला लागतो. आलेला, गेलेला, झोपलेला, सुकवलेला. इंग्रजीचं तिसरं रूप नामाच्या पुढे बसतं ते मुख्यतः कुणीतरी त्या वस्तूवर काहीतरी केलं असेल तेव्हा: "ड्राइड बोंबील", "ब्रोकन जेट्टी", "बॉइल्ड राइस". पाहुणे स्वतःहून आले, त्यांना कुणी "आणलेलं" नाही, म्हणून त्यांच्यासाठी मागचा खिसा: "द गेस्ट्स हू हॅव कम फ्रॉम मुंबई." काही अपवाद आहेत. पडलेला नारळ "अ फॉलन कोकोनट" चालतो, निवृत्त मास्तर "अ रिटायर्ड टीचर" चालतात.

विशेषणांचा क्रम पाठ करायचा का?

एकदा पाठ करा आणि विसरा. मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय, कशासाठी. पडवीतला झोपाळा लक्षात ठेवलात तरी भागेल: "द लव्हली बिग ओल्ड टीक स्विंग इन द व्हरांडा." सागवान झोपाळ्याला अगदी खेटून, कौतुक सर्वांत लांब. आणि पडवी मागच्या खिशात.

"आणि"ने दोन नामं जोडली तर विशेषण कुणाचं?

इथे माझं डोकं सर्वांत जास्त शिणतं. "फ्रेश फिश अँड व्हेजिटेबल्स" अशी पाटी एका खानावळीवर आहे. ताजे फक्त मासे की भाज्याही? मराठीत "ताजे मासे आणि भाजी" म्हटलं तर "ताजे" माशांशी जुळतं, भाजीला "ताजी" लागली असती. पण मराठीतही विशेषण जवळच्या नामाशी जुळवून पुढच्यालाही लावायची सवय आहे, त्यामुळे आपलीही सुटका पूर्ण नाही. उपाय फार सोपा, क्रम उलटा करा: "व्हेजिटेबल्स अँड फ्रेश फिश." आता ताजेपणा माशांपुरताच. दोन्ही ताजे असतील तर "फ्रेश" दोनदा लिहा. इंग्रजीत शब्द पुन्हा लिहिणं हा गुन्हा नाही.

मागच्या खिशाचंही तसंच. "कॅश्यूज अँड मँगोज फ्रॉम देवगड" यात काजू कुठले? आंबे तेवढेच देवगडचे असतील तर "देवगड मँगोज अँड कॅश्यूज"ही नको, तिथे काजूही देवगडला जाऊन बसतात. "कॅश्यूज अँड देवगड मँगोज" लिहा. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. त्यानंतर पेटीवर गावाचं नाव कुठल्या नामाला चिकटतं हा व्याकरणापुरता प्रश्न राहिलेला नाही. इंग्रजी लेबल छापायच्या आधी दोन माणसांना स्वतंत्रपणे वाचायला द्या. दोघांनी वेगळा अर्थ सांगितला तर लेबल चुकलंय.

तिसरा प्रकार सोसायट्यांचा. "द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज साइन्ड" म्हणजे एकाच माणसाकडे दोन्ही पदं. "द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव साइन्ड" म्हणजे माणसं दोन. फरक एका "द"चा. चेकवर दोन सह्या लागतात तिथे हे बघून लिहा.

एका स्वल्पविरामाने खरंच कुणाचं नुकसान होतं का, की मॅडम उगाच घाबरवतात?

अमेरिकेतल्या मेन राज्यात एका दूध कंपनीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. तिथल्या कायद्यात काही कामांना जादा वेळेचा पगार लागू नव्हता. त्या यादीत साठवण, वाळवण वगैरे कामांनंतर शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द होते. ही कामं कशाची, तर शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत पदार्थांची. "ऑर"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग "डिस्ट्रिब्यूशन" हे यादीतलं वेगळं काम, की फक्त "पॅकिंग"ला चिकटलेलं? चालक माल वाटत होते, भरत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि कौल चालकांच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आमच्या काकांच्या पेट्यांचा हिशोब त्यापुढे काहीच नाही. पण गुंता हुबेहूब तोच: जोडणाऱ्या शब्दापलीकडचा भाग आत आहे की बाहेर?

दोन "दॅट" वाक्यं मिळून कर्ता झाला तर क्रियापद अनेकवचनी होतं का?

सहसा एकवचनीच. "दॅट द जेट्टी हॅड ब्रोकन अँड दॅट नोबडी हॅड टोल्ड अस वॉज शॉकिंग." दोन्ही मिळून एकच धक्का. "आर टू सेपरेट मॅटर्स" असं मुद्दाम वेगळं मोजलंत तरच अनेकवचन. एरवी असली वाक्यं टाळून "इट वॉज शॉकिंग दॅट... अँड दॅट..." करा. आपल्या "हे धक्कादायक होतं की" याला ते जास्त जवळचं आहे.

"डिपेंड्स ऑन दॅट ही कम्स" चालेल?

नाही. "ऑन", "अबाउट", "ऑफ" यांच्या मागे "की"वालं "दॅट" बसत नाही. "ऑन व्हेदर ही कम्स", किंवा मध्ये "द फॅक्ट" घाला.

दहावीला मिश्र आणि संयुक्त वाक्य ओळखायला येतं. "दॅट" दोनदा आलं तर कुठलं?

मराठी व्याकरणाच्या भाषेत उत्तर सोपं आहे. प्रधानवाक्य एकच ("तो म्हणतो"), बाकीची दोन गौण नामवाक्यं, म्हणून मिश्र. "आणि" दिसला की संयुक्त असं ठोकून देऊ नका. तो "आणि" कुणाला कुणाशी जोडतोय ते बघा, दोन प्रधानवाक्यांना की दोन गौणवाक्यांना. मराठी वाक्याची अशी चिरफाड करायची सवय असलेल्या मुलांना इंग्रजी लवकर जमतं असा माझा अनुभव. तवसाळहून फेरीने जयगडला उतरलं की पुढे मालगुंड लागतं, केशवसुतांचं गाव. त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी मराठीचं मोठं व्याकरण लिहिलं, १९११ साली. सहल कवीच्या स्मारकाला जाते, तेव्हा या भावाचं नावही मुलांना सांगावं असं मी शाळांना दरवर्षी सुचवते. एक घर, एक भाऊ वाक्यं रचणारा, दुसरा ती सोडवून बघणारा.

मी जहाजावर जाणार आहे. तिथे हे "दॅट-फॅट" लागतं का?

रेडिओवर जवळजवळ नाही, आणि ते मुद्दामच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्प्रयोग मंजूर केले. त्यात "आय वॉन्ट टु वॉर्न यू दॅट" असली प्रस्तावना नाही. आधी खुणेचा शब्द, मग मजकूर: "वॉर्निंग. ऑब्स्ट्रक्शन इन द फेअरवे." म्हणजे, इशारा, जहाजांच्या वाटेत अडथळा. सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, इरादा, अशा आठ खुणा आहेत. दारात उभं राहायचं "दॅट"चं काम तो एक शब्द करतो, आणि दोन गोष्टी असतील तर त्या दोन वेगळ्या वाक्यांत जातात. वारा, खरखर, समोरचा खलाशी फिलिपिन्सचा, बंदरातला अधिकारी आणखी कुठला. तिथे जोडवाक्य म्हणजे अपघाताला आमंत्रण.

पण लेखी कामात ते सगळं परत येतं. लॉगबुक, अपघाताचा जबाब, कप्तानाची "नोट ऑफ प्रोटेस्ट" (नुकसानीबद्दलचं त्याचं औपचारिक निवेदन). "द पायलट स्टेटेड दॅट द इंजिन वॉज स्लो अँड वी वेअर टू क्लोज टु द बॉय." "बॉय" म्हणजे बोया, पाण्यातली तरंगती खूण, आणि पायलट म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा. बोयाजवळ गेल्याची कबुली कुणाची, पायलटची की तुमची? माझ्याकडे येणाऱ्या पोरांना हे वाक्य मी पहिल्याच दिवशी देते आणि काकांच्या पत्राची गोष्ट सांगते. मग दुसरं "दॅट" त्यांच्या हातून आपोआप पडतं.

फोन भाषांतर करून देतो. मग एवढं शिकायचं कशाला?

फोनला द्या, माझी ना नाही. फक्त देताना मराठी वाक्य आधी सोडवून द्या. "असं तो म्हणतो" शेवटी ठेवू नका. "तो म्हणतो की पेट्या खराब होत्या. तो असंही म्हणतो की मी कमी भाव मान्य केला." एवढं मराठी नीट झालं तर इंग्रजी बहुतेक वेळा नीट येतं. आणि जे आलंय त्यात "अँड"च्या पुढे "दॅट" आहे का, ते पाठवायच्या आधी स्वतः बघा.

वर्गाला येताना काय आणू?

वही, पेन, आणि तुम्हाला खरोखर पाठवायचं असलेलं एक पत्र. पुस्तकातलं नको. आंब्याचं असेल तर पट्टीही आणा.